ह्यांच्या नावावरचे दोन मीटर

रविवार, ६ सप्टेंबर २००९

आज विहारात पाऊण तास बोलले. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं आजचं ग्रंथवाचन आटोपलं, मग समितीने दिव्यांच्या सवलतीचा विषय माझ्यावर ढकलला. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी योजना आहे – चालू पिवळा दिवा जमा करायचा, नाममात्र किमतीत दोन पांढरे सीएफएल न्यायचे. साठ वॅटचं काम चौदा वॅटमध्ये. बायकांना वाटत होतं, यात काहीतरी गोम आहे. फुकटासारखं कोण देतं आपल्याला?

मी म्हटलं, गोम एकच आहे. घरी जाऊन बिल बघा, कोणाच्या नावावर आहे ते. हात वर करायला लावले. निम्म्या घरांत मेलेला सासरा, मेलेला दीर! मग मला राहवलं नाही. "छप्पन्न साली आपण नावं बदलली. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, एकेका अक्षरासाठी कारकुनाशी भांडलो. आणि मीटर मात्र मयताच्या नावावर ठेवून बसलात? मीटर जिवंत माणसाच्या नावावर करा. राबते बाई, तर बाईच्या नावावर करा." टाळ्या पडल्या. अर्ज मी लिहून देईन म्हणाले. चौतीस वर्षं मास्तरकी केली, अर्ज लिहिण्याची हौस अजून फिटलेली नाही.

बाहेर चपला घालताना शेजारची माया कानाशी आली. "बाई, तुमचं बिल कोणाच्या नावावर येतं?"

मी म्हटलं, "चल, उशीर होतोय."

सोमवार, ७ सप्टेंबर

श्री. बुद्धभूषण शिवराम हाटे.

सात वर्षं झाली हे जाऊन. बँकेने नाव काढलं, पेन्शनवाल्यांनी काढलं, रेशनकार्डावरून मी स्वतः काढून घेतलं. फक्त लाइटचं बिल अजून ह्यांना येतं. महिन्यातून एकदा दाराच्या फटीतून आत सरकतं, आणि मी ते लगेच उचलत नाही. दुपारपर्यंत तसंच उंबऱ्याशी राहू देते – कोणीतरी घरी आल्यासारखं.

हे नाव ह्यांना तेराव्या वर्षी मिळालं. त्याआधी धोंडू. नागपूरहून आल्यावर मामंजी शाळेत गेले आणि हेडमास्तरांना म्हणाले, आमच्या मुलाचं नाव आजपासून बुद्धभूषण. हेडमास्तर म्हणे हसले – एवढं लांब नाव पटाच्या रकान्यात मावायचं नाही. मामंजी म्हणाले, मग रकाना मोठा करा.

असं नाव मी माझ्या हाताने खोडायचं?

मंगळवार, ८ सप्टेंबर

दुपारी साडेतीन तास भारनियमन. बारा अर्ज लिहून झाले. माझा नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर

शनिवारी आपल्याकडे दिव्यांचं शिबिर. जमा करायला दिवा काढला – मधल्या खोलीतला, साठ वॅटचा. स्टुलावर चढले आणि तशीच उभी राहिले थोडा वेळ.

बहात्तर साली वस्तीत लाइट आली. हे कारखान्यात वायरमन. आठवडाभर रोज कामावरून येऊन घराघरात पट्ट्या ठोकत होते. पहिला दिवा आमच्या खोलीत. सासूबाई – सुंदराबाई – डोळ्यांवर हात धरून खाली बसल्या. सगळी आळी दारात. त्यांनी बोटांच्या फटीतून वर पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "अगं बया, एवढी काजळी? आणि मी सुनेला रोज ऐकवते, घर मी किती स्वच्छ ठेवते ते." दुसऱ्या दिवशी पहाटे चुना आणला त्यांनी.

माझी भाषणं सुरू झाली ती त्याच सुमारास. अंबरनाथ, बदलापूर, शहाड, उल्हासनगरचे कॅम्प – जिथे सभा तिथे हे माझ्या आधी पोचायचे. वायरचं भेंडोळं खांद्यावर. मंडपात दिवे लावायचे, माइकच्या खोक्याशी बसायचे. भाषण तासाच्या वर गेलं की एक दिवा क्षणभर विझून पेटायचा. लोकांना वाटे लाइन डळमळतेय. मला कळायचं, "आता पुरे." घरी आल्यावर भांडायचे मी. हे म्हणायचे, "मी काहीच बोललो नाही." खरंच, हे काहीच बोलायचे नाहीत.

शनिवार, १२ सप्टेंबर

काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

शाळेच्या व्हरांड्यात शिबिर. दिनानाथ म्हणून कारकून आहेत, चाळिशीचे. टेबलावर एक होल्डर लावलेला. प्रत्येकीचा दिवा त्यात घालून एकदा पेटवून बघायचे – चालू आहे ना – आणि खोक्यात टाकायचे. रांगेत सगळ्या माझ्याच भाषणातल्या बायका. कोणाचा दिवा टॉवेलात गुंडाळलेला, कोणाचा डब्यात.

माझा दिवा पेटला. दिनानाथांनी बिल घेतलं, नाव लिहिता लिहिता थांबले. रजिस्टरचं मागचं पान उलटलं.

"हे नाव मी काल लिहिलंय. खरवईच्या शिबिरात. दिवे देऊन झालेत, बाई. एका माणसाला एकदाच."

"चूक असेल."

"बापाचं नाव, आडनाव, सगळं तेच. बुद्धभूषण हाटे असे किती असणार? घरच्या बाई आल्या होत्या बिल घेऊन."

"कोणाच्या घरच्या?"

"ह्यांच्याच की. म्हणाल्या, मालक कामाला गेलेत."

मागे कोणीतरी खुदकलं. मी म्हटलं, "ते वारलेत. दोन हजार दोनमध्ये."

दिनानाथांनी पेन खाली ठेवलं. काही वाकडं बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मग बिल अजून त्यांच्याच नावावर कसं, बाई?"

रांगेतून आवाज आला. कोणाचा ते मी मुद्दाम वळून पाहिलं नाही. "बाईंचं भाषण दुसऱ्यांसाठी असतं."

दिनानाथ समजावत होते – मृत्यूचा दाखला जोडा, वारसाच्या नावावर मीटर होतो. आणि एकदा का मयत अशी नोंद पडली की खरवईच्या मीटरचीही तपासणी होणार. तिथे वारस नसेल तर कनेक्शन काढतात.

"काढा," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चार ऑक्टोबरला वर्षावासाची सांगता आहे. त्याच्या आत माझा अर्ज तुमच्या टेबलावर असेल."

शब्द दिला. चारचौघींत दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही.

घरच्या बाई.

रविवार, १३ सप्टेंबर

दर महिन्याचा पहिला रविवार आठवतोय. हे सकाळी पक्कड, टेस्टर पिशवीत टाकून निघायचे. "जुनं फिटिंग बघून येतो." दुपारी परत. मी कधी विचारलं नाही कुठलं फिटिंग. रविवारी माझ्या सभा असायच्या, डोक्यात मुद्दे चालू असायचे. शहाण्णवपासून शेवटच्या आजारपणापर्यंत – सहा वर्षं.

आज विहारात गेले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

सोमवार, १४ सप्टेंबर

खरवईला गेले. बदलापूर स्टेशनवरून रिक्षा. नव्या इमारतींच्या मागे जुनी घरं, तिथे शेवटची खोली. पत्ता दिनानाथांच्या रजिस्टरवर वाचला होता.

दारात निळ्या जीन्सचा ढीग. उल्हासनगरच्या कारखान्यांतून येतात, शिलाईचे उरलेले धागे कापायला. ढिगामागे बाई. पन्नाशीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात छोटी कात्री. वर पांढरा दिवा – नवा, शुक्रवारीच मिळालेला. त्या उजेडात निळ्यावरचा काळा धागा लख्ख दिसत होता.

माझ्या हातात फाइल, गळ्यात चष्म्याची दोरी. ती उठून उभी राहिली.

मी म्हटलं, "बुद्धभूषण हाटे इथे राहतात?"

"हा. इथंच."

"कुठे आहेत?"

"कामाला गेलेत." डोळे माझ्या फाइलवर. "तिनीसांजेला येतील."

मला लिहिता येत नाही काय झालं ते. मी हजार माणसांसमोर बोलते. पण तिथे भिंतीला हात लावून उभी राहिले. ज्या माणसाला मी माझ्या हाताने मूठमाती दिली, तो कामाला गेलाय. तिन्हीसांजेला येणार आहे. आणि राग यायच्या आधी – हे कोणाला सांगता येणार नाही – आधी वाटलं, थांबावं. तिन्हीसांजेपर्यंत इथेच बसावं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

तिने कात्री पदराला पुसली. "मी घरातलीच."

"नाव?"

"जनी."

तिने पाणी दिलं. पिता पिता वर पाहिलं. लाकडी पट्टीवरून वायर गेलेली, चार चार बोटांवर क्लिप, एकही तिरकी नाही. कोपऱ्यात वायर वळवताना ठेवलेला तो जरासा ढिला बाक. "वायरला श्वास घ्यायला जागा लागते," असं म्हणायचे हे. माझ्या घरात, सभेच्या मंडपांत, तीस वर्षं तो हात मी पाहिलाय. दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नाही.

काही न सांगता निघाले. ती दारापर्यंत आली. "म्याडम, लिवताना काय चूक तं नाय ना झाली आमची?"

मंगळवार, १५ सप्टेंबर

मृत्यूचा दाखला कपाटातून काढला. परत ठेवला.

गुरुवार, १७ सप्टेंबर

रामभाऊंकडे गेले. कारखान्यात ह्यांच्या शेजारच्या बाकावर वीस वर्षं काम केलेला माणूस. आता गुडघे गेलेत, खुर्चीतून उठत नाहीत. मी बसल्या बसल्या विचारलं, "खरवईची जनी कोण?"

रामभाऊंनी टीव्ही बंद केला.

"वहिनी, तुम्हाला काय वाटलं ते कळलं. तसं नाही. जनूची बायको ती. जनू आठवतो? शिडी धरायला यायचा."

आठवला नाही मला. रामभाऊंनी सांगितलं – शहाण्णव साली सोनिवलीला एका नव्या इमारतीचं खाजगी काम होतं, सुट्टीच्या दिवसाचं. जनू वर. ह्यांनी खालून सांगितलं, "लाइन बंद आहे, घे हातात." ह्यांनी स्वतः मेन स्विच पाडला होता. पण त्या जागेत दुसरीकडून एक चोरटी लाइन ओढलेली होती, कोणालाच माहीत नव्हती. जनू तिथल्या तिथे गेला. ठेकेदाराने पडून मेला असं सांगून मिटवलं.

"बुद्धभूषण दोन महिने हातात पक्कड धरत नव्हता. मग खरवईला जायला लागला. अंधार होता तिच्याकडे. घराला कागद नाही, तर मीटर कोण देणार? हा म्हणाला, खोली माझी म्हणून लिहितो. पगाराची स्लिप लावली, स्वतःच्या नावावर मीटर आणला. बिल ती भरते, नेमाने भरते. नाव तेवढं ह्याचं."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?"

रामभाऊ हसले. वाईट नाही, दमल्यासारखे. "विचारलं होतं मी. म्हणाला, यशोधरेला सांगितलं की ते भाषणात येईल."

शुक्रवार, १८ सप्टेंबर

भाषणात येईल.

आलं असतं. नाव न घेता का होईना, आलंच असतं. आणि लोकांचे डोळे भरले असते.

गुरुवार, २४ सप्टेंबर

पुन्हा खरवई. या वेळी फाइल नेली नाही.

"मी लाइटच्या ऑफिसातली नाही," मी म्हटलं. "मी त्यांची बायको."

जनीच्या हातातली कात्री थांबली. "बाय माझे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बोलली. हे गेले ते तिला तेव्हाच कळलं होतं, रामभाऊंनी निरोप धाडला होता. पण सांगणार कोणाला? नाव गेलं तर लाइट गेली. "सात वरसा मी ह्येच सांगतंय. मीटर वाचायला माणूस आला – कामाला गेलेत. दिव्याच्या साहेबानी इचारला – कामाला गेलेत. तुमी आलाव, तुमाला बी तेच बोललू. माफ करा."

मी म्हटलं, मीही सात वर्षं काही वेगळं केलेलं नाही.

मग तिनेच विषय काढला. "त्यानी मारला नाय माझ्या माणसाला. ठावं हाय मना. पन मी तीन वरसा त्याला पानी नाय दिला. यायचा, बटना बघायचा, वायर बघायचा. भायेर दगडावर बसायचा उन्हात. मी कवाड लोटून घ्यायची. तरी दुसऱ्या महिन्याला हजर."

"मग?"

"मग येक दिवस पानी दिला."

मी बाहेर जाऊन तो दगड पाहिला. साधा दगड, कपडे आपटायचा. पाण्यावर मी किती बोलले असेन! ज्या दारात पाणी मिळत नाही त्या दाराची पायरी चढू नका – शहाडच्या मैदानात हे मी ओरडून सांगितलेलं. टाळ्या थांबेनात. मागे माइकच्या खोक्याशी हे बसलेले. त्याच आठवड्यातल्या रविवारी या दगडावर येऊन बसले असतील.

निघताना जनीने विचारलं, "मंग नाव काढनार तुमी?"

"शब्द दिलाय चारचौघींत."

ती जीन्स उलटी करून धागे शोधू लागली. "काढा. तुमचा हक हाय. रोजच्या तीस पँटी मी उजेडावर करतंय. अंधारात चार बी व्हनार नाय."

बुधवार, ३० सप्टेंबर

दिनानाथांना जाऊन विचारलं. एक मीटर बदलायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं होईल का? नाही. मयत म्हटल्यावर माणूस सगळीकडेच मयत. दुसरा मीटर त्या बाईच्या नावावर होईल का? वारस असेल तर. नसेल तर नवा अर्ज, घराचा कागद. कागद नाही. बरं, मी वारस म्हणून दोन्ही माझ्या नावावर घेतले तर? "घ्या की. पण तुम्ही किती वर्षं पुरणार, बाई? तेव्हा पुन्हा हेच."

बरोबर बोलले. एका मयताच्या जागी दुसरा ठेवायचा, एवढंच.

अर्ज नाही दिला तर माझा शब्द जातो. दिला तर जनीचा उजेड. आणि सांगायचं कोणाला? ज्याने सगळ्या वस्तीच्या तारा जोडल्या तो नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

सांगता सभा. विहार भरलेला. अर्ज दिलेला नव्हता.

उभी राहिले आणि सांगितलं, "सप्टेंबरमध्ये मी तुम्हाला मयताची नावं काढा म्हणाले. माझ्या घरचं बिल सात वर्षं मयताच्या नावावर येतंय. आळस म्हणून नव्हे. ते नाव दारातून आत येताना बघायला मला बरं वाटतं म्हणून. तुमच्यापैकी कोणाला तसं वाटत असेल तर मी तुम्हाला लाज आणली, त्याची माफी मागते. नाव बदला, पण घाईने नको. बदलण्याआधी त्या नावावर आणखी कोण कोण जगतंय ते बघून या. मला आणखी तीन दिवस द्या."

एवढंच. सात मिनिटं. जनीचं नाव घेतलं नाही. तोंडाशी आलं होतं – दगड, पाणी, तीन वर्षं. काय भाषण झालं असतं! पाणी पिऊन खाली बसले.

माया बाहेर म्हणाली, "बाई, संपलं पण? आम्ही डबे घेऊन बसलो होतो." मग चपला शोधता शोधता, माझ्याकडे न बघता – "माझ्या सासऱ्याचंपण काढवत नाही हो."

बुधवार, ७ ऑक्टोबर

दोन्ही अर्ज दिले. मृत्यूचा दाखला जोडला. माझ्या अंबरनाथच्या घरचा मीटर यशोधरा बुद्धभूषण हाटे. दुसऱ्या फॉर्मवर जनीने अंगठा दिला, बाकी मी भरलं. 'मयताशी नाते' या रकान्यात लिहिलं, बहीण. वारस म्हणून माझी संमती, खाली सही.

दिनानाथांनी बराच वेळ वाचलं. "ह्या नणंदेबद्दल आधी कधी बोलला नाहीत."

"विचारलं नव्हतंत."

त्यांनी शिक्का मारला.

आयुष्यात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं. अक्षर छान आलं. सासूबाईंना एकच मूल होतं. आजपासून दोन.